पिठातली पावलं

पांघरुणं घ्या नीट. आणि सगू, आज दुपारी पिठाच्या परातीत कुणी पाय घातला, ते मला ठाऊक आहे बरं. असू दे. त्यावरूनच आठवलं.

एकदा काय झालं, डोंगराखालच्या एका गावात सारजा नावाची बाई राहायची. ती आणि तिची लेक तानी, दोघीच. सारजा गावाचं दळण दळायची. पहाटे उठायची, जात्याशी बसायची. तानी सहा वर्षांची. एका जागी बसली असेल तर शपथ! जात्याभोवती पीठ पडलं की ही त्यात पाय ठेवायची आणि वाकून आपलीच पावलं बघत बसायची. मग सारजा ओरडायची, "अगं, अन्न आहे ते! अन्नाला पाय लावू नये." एकदा तर पाठीत धपाटाच घातला. तेव्हापासून पीठ दिसलं की तानी वळसा घालून जायची. फार गुणाची पोर. अंधाराला तेवढी भ्यायची, म्हणून उशाशी दिवा असायचा.

मग श्रावणात तानीला ताप आला. काढे झाले, अंगारे झाले. चौथ्या दिवशी तानी गेली.

आता पूर्वी एक रीत होती, बरं का. माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरायचं, जवळ दिवा ठेवायचा, वर टोपली झाकायची. सकाळी बघायचं, पिठात काय उमटलंय. पाखराचा पाय उमटला तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, गायीचा उमटला तर गायीच्या. आपलं माणूस कुठे आहे, ते घरच्यांना कळायचं. शेजारणी म्हणाल्या, "सारजे, एवढ्याशा लेकराचं असलं काही करत नाहीत गं." पण सारजाला तेवढंच हवं होतं. माझी तानी गेली तरी कुठे?

पहिल्या रात्री तिनं ज्वारीचं पीठ पसरलं. सकाळी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. मग दुसऱ्या रात्री गव्हाचं. तेही जसंच्या तसं. मग तिसऱ्या रात्री तांदळाचं, दोनदा चाळून. सकाळी त्यात चार खळगे दिसले. सारजाला वाटलं, उमटलं एकदाचं! पण ते तिच्याच डोळ्यांतलं पाणी होतं, वाकून बघताना पडलेलं.

मग तिनं दिवा मालवलाच नाही. श्रावण गेला, भादवा गेला, दिवाळी आली तशी गेली. सारजा दार लावून दिव्यासमोर बसलेली. जात्यावर कोळ्यानं जाळं विणलं.

मग कार्तिकातल्या अवसेला काय झालं? दिवाच बोलला!

"सारजाबाई, मला आता मालव."

"माझी लेक अंधाराला भिते रे."

"ती आता भीत नाही. भितेस तू. माझ्या उजेडात तुला चार हात दिसतं, त्यापलीकडचं सगळं मीच झाकून ठेवलंय. मालव मला, आणि अंगणात जा."

सारजा खूप रडली. मग तिनं झेंडूचं फूल घेतलं आणि ज्योतीवर ठेवलं. दिव्यावर फुंकर मारू नये, ठाऊक आहे ना? अंधार झाला. ती चाचपडत अंगणात आली. आधी काहीच दिसेना. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. ती पायरीवर बसून राहिली. मग एक चांदणी दिसली. मग दहा. मग डोंगरापासून पार नदीपर्यंत, आभाळभर पांढरं पीठ सांडलेलं दिसलं! सगळ्या गावाचं दळण कुणीतरी ओतलं होतं जणू. त्यालाच आकाशगंगा म्हणतात. आणि त्या पिठात, बरं का, मध्येमध्ये काळे ठसे होते. एक इथे, एक तिथे. लहान लहान.

तेव्हा सारजाला कळलं. घरच्या पिठात पाऊल उमटलं नाही, कारण तानीनं आईचं ऐकलं होतं. तिन्ही रात्री पोर घरी आली असेल, पीठ बघितलं असेल आणि वळसा घालून गेली असेल.

सारजा अंगणात उभी राहून ओरडली, "घाल गं तान्ये, पाय घाल! हवी तेवढी नाच! मी रागवायची नाही गं!"

वरून काही उत्तर आलं नाही. ते येत नसतं, बाळांनो. पण सकाळी सारजानं जातं पुसलं आणि गावाचं दळण घेतलं. गावातली पोरं यायची, पिठात पाय घालायची. सारजा चकार शब्द काढायची नाही. तेवढं पीठ वेगळं काढून गायीला घालायची. आणि काळोख्या रात्री दिवा मालवून अंगणात बसायची. थोडं रडायची, पुष्कळ वेळ बघायची. तानी तिथे खेळात रमली, सारजा इथे कामात रमली, दोघी आपापल्या जागी सुखी झाल्या.

चला, आता मीही दिवा मालवते. घाबरायचं नाही. सगू, ते फूल दे इकडे. आणि उद्या मी पीठ चाळायला बसले, की ये. खुशाल घाल पाय. झोपा आता.