सुतारपक्षी गुरुजींचा ठेका

फार वर्षांपूर्वी वडाखाली सुतारपक्षी गुरुजींची शाळा भरायची. सातचा पाढा पाठ होईपर्यंत सुट्टी नाही, असा त्यांचा हुकूम. पण पाढा काही केल्या कुणाला येईना. खारी खिदळत, माकडाचं पिल्लू चुळबुळ करी. मग गुरुजी चिडून खोडावर चोच आपटत, "टक टक टकाटक! गप्प बसा!"

एकदा त्या ठेक्यावर पिल्लू शेपूट हलवत गाऊ लागलं, "सात एके सात, सात दुणे चौदा!" अख्खा वर्ग नाचायला लागला. गुरुजी संतापून आणखी जोरात चोच आपटू लागले, आणि पाढा सत्तरपर्यंत बिनचूक पोचला.

दुसऱ्या दिवशी बोलणी बसतील म्हणून सगळे हाताची घडी घालून गप्प. गुरुजींची चोच मात्र शिवशिवू लागली. शेवटी न राहवून ते म्हणाले, "बाळांनो, आज आठचा पाढा आहे. कुणी जरा दंगा करतं का?"