मेलेल्या उंदराची भीती

“मास्तर, चूक त्यांचीच असणार. हो ना?”

हमीदमास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नुसतं तिच्याकडे बघितलं.

शर्वाणीने फोन पुढे धरला. चार दिवस ते पत्र तिच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं. आईजवळ बोलली नाही, विद्यापीठातल्या मार्गदर्शक सरांजवळ तर नाहीच नाही. शेवटी शनिवारी सकाळी पुण्याहून एसटी पकडली आणि मिरजेला मास्तरांच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली.

मास्तर तंबोरे बनवणाऱ्या घराण्यातले. पण या गड्याचा जीव रमला प्रयोगशाळेतल्या यंत्रांत. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली. तार कशी सोलायची, डाख कसा द्यायचा, हे शर्वाणी त्यांच्याकडेच शिकली.

“तूच वाच,” मास्तर म्हणाले. “मला बारीक अक्षर दिसत नाही.”

तिने वाचलं. आसाममधल्या एका लहानशा कॉलेजातला रूपज्योती नावाचा विद्यार्थी लिहीत होता.

“ताई, तुमच्या आराखड्यावरून आम्ही यंत्र बनवलं. काल सकाळी आमचा उंदीर मरून पडलेला दिसला. डोक्यावरचं यंत्र चालूच होतं. पिंजरा उचलून नेताना पडद्यावर लाट आली. तुम्ही भीतीची म्हणून छापलीत, तीच. ताई, मेलेल्या उंदराला कशाची भीती वाटली? सोमवारी दुसऱ्या उंदराचं ऑपरेशन आहे. करू का, एवढंच सांगा.”

शेडमध्ये पंखा तेवढा कुरकुरत होता.

“काय सांगितलंस त्याला?”

“अजून काही नाही...”

“हं.”

आता हे यंत्र म्हणजे काय, तर अंगठ्याच्या नखाएवढी एक पट्टी. ती उंदराच्या डोक्यावर बसवायची. तिच्यातून केसासारख्या तारा मेंदूत उतरतात, एक लांब तार कॉम्प्युटरकडे जाते, आणि उंदीर पळत असला तरी त्याच्या मेंदूत काय चाललंय ते कॉम्प्युटरवर दिसतं. बाहेरून मागवायचं तर लाखांत जातं. शर्वाणीने ते नऊ हजारांत बसवलं होतं. वर सगळा आराखडा इंटरनेटवर उघडा ठेवला, घ्या, करा, वापरा, कुणाला विचारायचं नाही. अठरा ठिकाणी लोकांनी केलंसुद्धा! आणि घंटा वाजून उंदीर दचकला की पडद्यावर जी लाट उठते, तिच्यावरच शर्वाणीचा प्रबंध उभा होता. त्याची शेवटची तोंडी परीक्षा सोमवारी होती.

“त्यांनी धड जोडलं नसेल, मास्तर. माझ्या जोडणीत खोट निघणं शक्य नाही. माझा हात हलत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

हे मात्र खरं होतं. असा हात वर्कशॉपने पाहिला नव्हता. मास्तरांचं डाख द्यायचं स्वतःचं एक सोल्डरिंग आयर्न होतं, तंबोऱ्याच्या उरलेल्या लाकडाची मूठ घातलेलं. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. शर्वाणीने ते तीनदा मागितलं होतं, आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं होतं. “तुझा हात फार स्थिर आहे, पोरी. अजून नाही.” म्हातारा कौतुक करतोय की टोमणा मारतोय, हे तिला कधी कळलं नाही.

“यंत्र आणलंयस?”

तिने पर्समधून डबी काढली.

मास्तरांनी घराकडे तोंड करून हाक मारली, “अगं, वाटीभर पाणी दे. मीठ घालून.”

“जुलाब लागलेत काय पोरीला?” आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “चेहरा तसाच दिसतोय खरा.”

वाटी आली. मास्तरांनी पट्टी वाटीच्या काठाला चिमट्याने लावली, तारांची टोकं पाण्यात सोडली. शर्वाणीने लॅपटॉप जोडला. पडद्यावर सरळ रेघ. जराही हालचाल नाही.

तिचा जीव भांड्यात पडला.

“बघा! मी म्हणत नव्हते? मी असंच तपासलं होतं, मिठाच्या पाण्यात. दहा वेळा.”

“टेबलावर ठेवून?”

“हो.”

“टेबल पळतं का गं?”

मास्तरांनी बोटाने वाटी दाखवली.

“उचल.”

तिने वाटी उचलली... आणि पडद्यावर लाट उठली. आधी बारीक, मग उंच. प्रबंधाच्या त्रेचाळिसाव्या पानावर छापलेली. तीच, हुबेहूब तीच!

शर्वाणीला आता आठवलं. उंदराच्या डोक्यावर भार नको म्हणून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या तारेवरचं, बाहेरचा गोंधळ अडवणारं जाळीचं आवरण तिनेच काढून टाकलं होतं. तेव्हा काय खूश झाली होती! तार हलली की लाट उठत होती, आणि दचकलेला उंदीर तार हलवल्याशिवाय राहतो थोडाच?

“मिठाच्या पाण्याला कशाची भीती वाटत असेल?” मास्तरांनी विचारलं.

वाटी थरथरत होती. तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. लाट आणखी चढली. तिने श्वास रोखला, दात आवळले. हात काही ऐकेना. ज्या हातांच्या जोरावर ती आजवर नाक वर करून चालली, तेच हात आज मिठाचं पाणी सांडत होते.

“यंत्र खोटं बोलत नाही,” मास्तर म्हणाले. “भीती खरी आहे. उंदराची नाही, एवढंच.”

तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचीही तिला लाज वाटत होती.

“सांगितलं तर सगळं जाईल, मास्तर. चार वर्षं. लोक थुंकतील तोंडावर...”

मास्तरांनी सांडलेलं पाणी फडक्याने टिपलं.

“सोमवार एकदा होऊ दे. मग सांगते. दोन दिवसांनी काय बिघडतं?”

“अठरा ठिकाणी मिळून उंदीर किती?”

तिला आकडा पाठ होता. तो तिने सांगितला नाही. प्रत्येकाच्या कवटीला एक भोक... आणि आत तिची तार.

तिने वाटी खाली ठेवली, ओढणीला हात पुसले आणि फोन घेतला. अठराही ठिकाणांना, आणि सरांनाही, एकच मजकूर. “ऑपरेशन करू नका. चूक माझ्या तारेत आहे. मी भीतीची म्हणून छापलेली लाट तार हलल्याची आहे.”

अंगठा बराच वेळ अधांतरी राहिला.

मग तिने तो टेकवला.

पाच मिनिटं गेली नसतील, फोन वाजला. सरांचं नाव होतं. मास्तर पंख्याकडे बघत राहिले. तिने फोन उचलला.

“हो सर... खरं आहे... नाही सर, मीच पाठवलंय, शुद्धीवर राहून.”

बोलणं संपलं तशी तिने फोन वाटीशेजारी ठेवला.

“काय म्हणाले?”

“सोमवारी येऊ नकोस म्हणाले. पुढचं पुढे बघू म्हणाले.” तिचा आवाज फाटला. “मला वाटलं होतं, खरं बोललं की भीती जाते. कुठे गेली? उलट वाढलीच की!”

मास्तर उठले. कोपऱ्यातल्या कपाटाचं कुलूप काढलं. लाकडी मुठीचं ते जुनं आयर्न बाहेर काढून त्यांनी प्लगला लावलं. तापू दिलं. मग जाळीचं आवरण असलेल्या तारेचं वेटोळं तिच्यापुढे टाकलं आणि आयर्नची मूठ तिच्याकडे केली.

शर्वाणी मागे सरली. “आज नको, मास्तर. हात बघा कसा थरथरतोय...”

“म्हणूनच. घे आता.”