साळिंदराचे मैदान

मुलांनो, एका जंगलाच्या मधोमध एक मोकळे मैदान होते आणि त्याच्या काठावरच्या बिळात एक साळिंदर राहत असे. मैदानात सगळ्यांचीच ये-जा असे. हरणे तिथे उड्या मारत, माकडे लग्ने लावत आणि सशिणी आपल्या पिलांना पळायला शिकवत. कारण मोकळ्यावर आकाशातली घार लांबून दिसते, झुडपातून दिसत नाही. साळिंदर स्वभावाने नीटनेटके होते, म्हणून जंगलाच्या सभेने मैदानाची देखभाल त्याच्याकडे सोपवली.

माघात माकडांचे एक मोठे लग्न झाले आणि मागे साली, देठ नि उष्ट्या फळांचा खच पडला. तो उचलता उचलता साळिंदराचे चार दिवस गेले. ते वैतागले. त्याने मैदानाला काट्यांचे कुंपण घातले, एकच वाट ठेवली आणि स्वतः वाटेवर बसले. मैदान हवे असेल त्याने आठ दिवस आधी सांगावे आणि शंभर बोरे शुल्क भरावे, असा नियम झाला. मग साळिंदर पळसाच्या पानाला आपल्या काट्याने तीन भोके पाडी, तो परवाना. जमलेल्या बोरांतले एकही त्याने कधी तोंडात टाकले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा राखणदारावर आपण लगेच संशय घेतो.

एके सकाळी सशीण चार पिलांना घेऊन वाटेशी आली. "काका, आजच्या दिवस आत सोडा," ती म्हणाली. "यांना पळायला शिकवायचंय. घार रोज घिरट्या घालतेय."

"शंभर बोरं आणलीस का?"

"माझ्या तोंडात एका वेळी एकच बोर मावतं. बोरं वेचत हिंडले तर पिलांकडे कोण बघेल? आणि आठ दिवस घार थांबणार आहे का?"

साळिंदर जरा घुटमळले. "तुला सोडलं तर उद्या माकडंही येतील," ते म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा, बाई." सशीण वाद घालणाऱ्यांतली नव्हती. ती पिलांना घेऊन झुडपात गेली आणि जमेल तसे तिथेच शिकवू लागली.

पुढे बोरांचा हंगाम सरला, नियम मात्र सरला नाही. शुल्क भरायला झाडावर बोरेच नव्हती, त्यामुळे मैदानाकडे कुणी फिरकेना. पावसाळा येऊन गेला. आधी गवत वाढले, मग टाकळा माजला, मग त्यात घाणेरीची काटेरी झुडपे घुसली. आत ना साल, ना देठ. साळिंदर वाटेवर बसून समाधानाने म्हणे, "यंदा कसं अगदी स्वच्छ आहे."

पुन्हा माघ आला. एका अस्वलाने भाच्याच्या लग्नासाठी मोजून शंभर बोरे आणली, आठ दिवस थांबून परवाना घेतला आणि वऱ्हाड घेऊन ते आत शिरले. थोड्याच वेळात अंगाला ओरखडे घेऊन ते परत आले. "माझी बोरं परत द्या," ते म्हणाले. "आत उभं राहायला जागा नाही." साळिंदर स्वतः पाहायला गेले. झुडपांत शिरले, वळले, पुन्हा वळले. मैदान काही सापडले नाही. दुसऱ्या टोकाला काटे चुकवत निघाले, तेव्हा समोर सशीण चरत होती.

"अगं, मैदान कुठं गेलं?" साळिंदराने विचारले.

"आम्ही सगळे तुडवत होतो म्हणून ते मोकळं राहत होतं, काका," सशीण म्हणाली. "आमचे पाय थांबवलेत, तेव्हाच ते जायला लागलं."

"आणि तुझी पिलं?"

"तिघं मोठी झाली. चौथ्याला घारीनं नेलं. झुडपातून ती त्याला दिसलीच नाही."

साळिंदराला फार वाईट वाटले, पण तसे म्हणण्यात आता अर्थ नव्हता. परत येऊन त्याने अस्वलाची बोरे त्याला दिली आणि कुंपण कुरतडायला घेतले. घाणेरी काढायला हरणे आली, अस्वल आले, बोलावल्यावर माकडेही आली. जाताना ज्याने त्याने आपला कचरा उचलावा, एवढा एकच नियम उरला. मैदान मोकळे झाले त्या सकाळी सशीण सगळ्यांत आधी आली. तिच्याबरोबर यंदाची पिले होती, आणि साळिंदर वर आकाशाकडे लक्ष ठेवून बसले होते.

तात्पर्य : सर्वांची जागा सर्वांच्या वावरानेच टिकते, राखण म्हणून त्यांनाच बाहेर ठेवले, तर राखायला काही उरत नाही.