नुसतीच हाक

आटपाट नगर वगैरे काही नाही हं, साधंसं गाव होतं. आणि राजा कुठाय म्हणून मधेच विचारू नका. तो येतो मागाहून, त्याला घाई नाही.

तर त्या गावात राहायची हौसा. हौसा घोंगड्या विणायची. तिची घोंगडी अशी, की पांघरली की माणूस थंडीच विसरायचा. तिचा नवरा म्हाळू. त्याची मेंढरं होती. पाऊस सरला की तो मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तो पुढचा पाऊस तोंडावर आला की परत. मधले आठ महिने घरात हौसा आणि तिची पाच वर्षांची लेक शेवंता. तिला सगळे शेवीच म्हणायचे. शंतनू, पाय काढ बघू ताईच्या अंगावरचा. हं.

तर शेवी. गुणाची पोर, पण तोंड म्हणून मिटायचं नाही. हौसा सकाळी उठायची, पाणी भरायची, भाकऱ्या थापायची, लोकर पिंजायची, सूत कातायची, मागावर बसायची. मग चिंचोके वाटून त्यांची खळ शिजवायची आणि विणलेल्या घोंगडीला चोपडायची. खळ वाळली की घोंगडी कशी कडक होते, बरं का. आणि हे सगळं करताना कानाशी एकच. आई. आई गं. आई, भूक लागली. आई, मुंगी चावली. आई, परसात काहीतरी वाजतंय. आई! काय गं? काही नाही, नुसतीच हाक मारली.

दिवसातून शंभरदा. हसू नका, तुम्हीही काही कमी नाही.

एकदा काय झालं, चुलीवर खळ शिजत होती. इकडे मागावरचा दोरा तुटला. हौसा तो सांधायला बसली, तेवढ्यात शेवी म्हणाली, "आई." हौसा म्हणाली, "थांब." शेवी म्हणाली, "आई, बघ ना." हौसा म्हणाली, "थांब म्हटलं ना!" शेवी म्हणाली, "आई, खळ उतू चाललीय." आणि खळ गेली की उतू. चूल विझली, दोरा हातातून निसटला. मग हौसानं काय केलं? शेवीच्या पाठीत एक धपाटा घातला. पोर खरं तेच सांगत होती, आणि तिलाच धपाटा.

हौसा वाईट नव्हती. दमली होती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोट गेला नव्हता आणि तिला कुणी विचारणारंही नव्हतं. ती परसात गेली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून रडायला लागली.

गोठ्यात होती एक म्हातारी मेंढी. तिचं नाव काजळी. दात पडलेले, पाय थकलेले. कोकणापर्यंत चालवेना म्हणून म्हाळू तिला घरीच ठेवून गेला होता. ती काजळी बोलली. माणसासारखी बोलली, बरं का.

"का रडतेस गं?"

हौसा इतकी दमली होती की मेंढी बोलते याचंही तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "मला थोडी शांतता हवी. आई आई ऐकून माझा जीव आंबलाय."

"नक्की हवी?"

"नक्की."

काजळी म्हणाली, "मग माझी लोकर कातर. कातायला बस. लेकीनं हाक मारली की ती हाक सुताबरोबर पिळून घे. हाक सुतात जाईल, पुन्हा तिच्या तोंडी येणार नाही. पण एक ध्यानात ठेव. घोंगडी झाली की कोपऱ्यातला शेवटचा दोरा मोकळा सोड. त्याला गाठ मारू नकोस. हाका परत हव्या झाल्या तर तिथूनच उसवता येईल. मधे कुठं कापलीस तर हाका वाऱ्यावर जातील, मग त्या कुणाच्याच नाहीत."

हौसा म्हणाली, "परत कशाला हव्या होतील?" आणि कातर घेऊन बसली.

मग तिनं पहिल्यांदा गरजेच्या हाका कातल्या. आई, भूक लागली. आई, वेणी घाल. आई, पाणी दे. एकेक हाक आली की सूत पिळायची चाती गर्रकन फिरे आणि हाक सुतात जाई. त्याची एक घोंगडी झाली. शेवटचा दोरा तिनं आठवणीनं मोकळा सोडला. घोंगडी नेली एका तेल्यानं. आता भूक लागली की शेवी आपली आपण टोपल्यातली भाकरी घेई. हौसाला वाटलं, किती शहाणी झाली माझी लेक!

मग तिनं भीतीच्या हाका कातल्या. आई, अंधार आहे. आई, पाल. आई, लागलं. त्याची दुसरी घोंगडी झाली. तिचाही दोरा तिनं मोकळा सोडला. ती घोंगडी राजाच्या माणसांनी नेली. बघा, आला ना राजा?

मग उरली एकच हाक. आई. काय गं? काही नाही, नुसतीच. काम नाही, धाम नाही, नुसतीच. एक दिवस शेवीनं ती हाक सकाळपासून तीस वेळा मारली. बिचारीकडे दुसरी हाकच उरली नव्हती ना! हौसा वैतागून म्हणाली, "काही नाही, तर मग हाक कशाला मारतेस?" आणि तीही कातायला घेतली. अशी तिसरी घोंगडी झाली. सगळ्यात मऊ, सगळ्यात ऊबदार.

आणि इथं घात झाला. हौसाचा हात वीस वर्षं घोंगड्या विणत आलेला. विणून झालं की कोपऱ्याला गाठ मारायची, दातांनी आवळायची, वरून खळ चोपडायची. हाताला सवयच ती. पहिल्या दोन वेळा तिनं हाताला आवरलं होतं. तिसऱ्या वेळी ती रागात होती. हातानं आपलं काम केलं. गाठ बसली, आवळली, वर खळही वाळली. हौसाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ती घोंगडी माळावरच्या एका म्हातारीकडे गेली.

मग घर कसं शांत झालं. हौसा पोटभर जेवली. दुपारी आडवी झाली. मागावर गाणं म्हणत बसली. पहिले चार दिवस फार सुखाचे गेले, खोटं कशाला सांगू?

पाचव्या दिवशी ती शेवीला न्हाऊ घालत होती. पाय चोळताना बघते तर काय, टाच सुजून लाल झालेली. आत बाभळीचा काटा. तीन दिवसांचा जुना.

"अगं, सांगितलं का नाहीस मला?"

शेवीनं नुसतं तिच्याकडे पाहिलं. आपण शेजारच्या काकूंकडे पाहतो ना, तसं. हौसानं काटा काढला. शेवी रडली, पण आई गं म्हणाली नाही. मग हौसाच्या काळजात चर्र झालं.

ती धावत काजळीकडे गेली. काजळी म्हणाली, "माझी अकरा कोकरं झाली. एकदा एक दूध प्यायला आलं आणि मी दमले होते, म्हणून त्याला ढुशी मारून लांब केलं. ते पुन्हा माझ्याकडे फिरकलं नाही. म्हणून तुला विचारलं होतं, नक्की का. जा आता. ऊठ."

मग हौसानं शेवीला पाठुंगळी घेतलं आणि निघाली.

आधी गेली तेल्याकडे. तेली तिला बघताच म्हणाला, "घेऊन जा बाई ही तुमची घोंगडी! हिच्यावर बसलं की आई आठवते. महिन्यात तीनदा घाणा सोडून आईला भेटायला गेलो. बैलसुद्धा हसायला लागलेत मला." हौसानं कोपऱ्यातला मोकळा दोरा ओढला. घोंगडी सरसर उसवली. एकेक हाक सुटली आणि शेवीच्या तोंडात परत गेली. शेवीनं जांभई दिली आणि म्हणाली, "आई, भूक लागली." हौसानं तेल्याच्या ओट्यावर बसून तिला भाकरी चारली. एकेक घास करून चारली.

मग गेली राजाकडे. राजा होता चांगला पन्नाशीचा, मिशीवाला. पण घोंगडी छातीशी धरून बसलेला. म्हणाला, "ही मी देणार नाही. लहानपणी मी घाबरलो की चार दाया धावत यायच्या, आई यायची नाही. तिला कारभार होता. हिच्यातून कुणीतरी आईला हाक मारतं आणि मला झोप लागते."

हौसा म्हणाली, "महाराज, ती हाक माझ्या लेकीची आहे. तिला आता भीती वाटली तरी मला बोलावता येत नाही."

राजानं घोंगडीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "नेशील. पण एकदा मला म्हण, मी आहे इथं, झोप बाळा."

हौसानं म्हटलं. आणि म्हणताना तिच्या डोळ्यांना धार लागली. कारण हे आपण शेवीला शेवटचं कधी म्हटलं, तेच तिला आठवेना.

राजानं घोंगडी दिली. दोरा मोकळा होता, ती उसवली. शेवीनं एवढा मोठा दरबार पाहिला, आईचा पदर घट्ट धरला आणि म्हणाली, "आई, मला भीती वाटते." हौसानं तिला उचलून घेतलं.

राहिली तिसरी. माळावर एक खोपटं होतं. तिथं राहायची सोनाई. फार म्हातारी. तिची एकुलती एक लेक लहानपणीच तापानं गेली होती. दारात ऊन पडलं होतं. सोनाई उन्हात घोंगडी पांघरून बसली होती आणि बोलत होती. हौसा कुंपणाशीच थांबली. घोंगडीतून हाक आली, "आई." सोनाई म्हणाली, "ओ." घोंगडी म्हणाली, "काही नाही, नुसतीच." सोनाई म्हणाली, "बरं हो बाळा." थोडा वेळ गेला. पुन्हा, "आई." पुन्हा, "ओ."

हौसानं तिला सगळं सांगितलं. सोनाईनं घोंगडी अंगावरून काढली. "लेक तुझी आहे. ने."

हौसा दोरा शोधायला लागली. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्या कोपऱ्यात गाठ. तिच्याच हातची. नखांनी ओढली, दातांनी ओढली, पाण्यात भिजवली. गाठ सुटली नाही. खळीनं तिचा दगड झाला होता. सोनाईनं आतून कातर आणून दिली. हौसानं ती हातात घेतली, आणि खाली ठेवली. कापली तर हाका वाऱ्यावर जाणार. मग त्यांना ओ कोण देणार?

तिनं घोंगडी पुन्हा सोनाईच्या खांद्यावर घातली.

"तुम्ही दर वेळी ओ देता तिला?"

"देते की. दर वेळी."

"मी देत नव्हते," हौसा म्हणाली. आणि शेवीला घेऊन घरी आली.

मग पाऊस तोंडावर आला. म्हाळू मेंढरं घेऊन परतला. आल्याआल्या हौसानं त्याला सांगितलं, पुढच्या साली दोन महिने आधी ये, मला एकटीला झेपत नाही. त्यानं ऐकलं. काजळीच्या अंगावर पुन्हा लोकर आली. शेवीला भूक लागली की ती आईला हाक मारी, काटा बोचला की हाक मारी. तिघं आनंदानं राहिली, गोष्टीत राहतात तशीच.

फक्त हौसा मागावर बसली की मधेच हात थांबवी आणि कान देई. ती एक हाक काही आली नाही. मग ती स्वतःच म्हणे, "शेवे."

"काय गं आई?"

"काही नाही. नुसतीच."

शेवी मोठी झाली, सासरी गेली, माहेरपणाला आली, तरी हौसाचं हेच. शेवी कधी हसायची, कधी वैतागायची. "आई, सारखी काय गं हाका मारतेस?" पण दर वेळी ओ द्यायची.

झाली गोष्ट. मनवा, डोळे मीट.

काय? तुमची आई आज का ओरडली? अरे, दमलीय ती. माझीच लेक आहे, मला माहीत नाही का? ती लहान असताना मी पण म्हणायची तिला, थांब, नंतर, मला काम आहे. नंतर नंतर करता करता ती केवढी मोठी झाली बघा. आता स्वयंपाकघरात भांडी घासतेय.

थांबा, तुम्ही नका उठू. आधी मी मारते हाक, मग तुम्ही मारा.

सुनंदा! अगं सुनंदा!

नाही गं, पाणी नको. काही नको. नुसतीच.