सातवी बुडी

लहानथोर मित्रांनो, ही गोष्ट फार फार जुनी आहे. धुकं डोंगर उतरून माणसांच्या अंगणात येऊन बसायचं, तेव्हाची.

अशाच एका धुक्याच्या गावात एक रंगारी होता. एका म्हाताऱ्या काकींच्या रंगशाळेत तो काम करी. तिथे रंग एकच, निळा. रंगारी पांढरं कापड आंबवलेल्या निळीच्या रांजणात बुडवी. वर येताना ते हिरवट असे आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जाई. दहा वर्षं झाली, तरी त्या क्षणी त्याचा श्वास थांबे. प्रत्येक कापड सात वेळा बुडवायचं, हा काकींचा नियम होता.

नदीपलीकडे राजाचं नगर होतं. तिथल्या रंगशाळेत म्हणे शंभर रंग होते. पहाटेच्या झोपेत ते रंगाऱ्याच्या डोळ्यांवरून तरंगत जात. डाळिंबी, केशरी, मोरपंखी. एकदा तरी त्यांत हात बुडवावेत, एवढंच त्याला हवं होतं.

पण काकींना सांगायचं कसं? त्या रागावल्या आणि नगरातही जागा मिळाली नाही, तर? म्हणून "रांजणात घालायला चुना आणतो" असं सांगून तो गुपचूप नदी ओलांडून नगरात जागेची चौकशी करू लागला. नगरात दाखवायला त्याने एक शेला रंगवायला घेतला. त्याला वेळ पुरेना, म्हणून काकींची कापडं तो तीनदाच बुडवू लागला.

रांजण हळूच म्हणाला, "दादा, चार बुड्या कुठे गेल्या?"

"बाजारात कोण मोजतंय? तू आपला आंबत राहा."

शेला मात्र त्याने सात वेळा बुडवला. त्याच्याकडे बघताना खोल विहिरीत वाकून पाहिल्यासारखं वाटे.

नगरातल्या म्हाताऱ्या मुख्य रंगाऱ्याने शेला हातावर घेतला. उजेडाकडे धरून तो नीट पाहिला. मग त्याने पेटीतून एक फिकट पंचा काढून शेजारी ठेवला.

"हा कुणाचा असेल?"

"असेल कुणा आळशाचा," रंगारी हसून म्हणाला.

म्हाताऱ्याने दोन्ही कापडांचे कोपरे पुढे केले. त्या मुलखात रंगाऱ्यांची एक रीत होती. रंगवण्याआधी प्रत्येक जण कापडाच्या कोपऱ्याला आपली गाठ बांधी. ती सोडली की तिथे पांढरी खूण उरे, आणि एकाची खूण दुसऱ्यासारखी नसे. शेल्यावर आणि पंच्यावर एकच खूण होती. मन नदीपलीकडे असताना हातांनी सवयीने गाठ बांधली होती.

"जागा मागणाऱ्याचं रोजचं काम मी आधी पाहतो. हा पंचा गेल्या आठवड्यात तुमच्या बाजारातून आणवला," म्हातारा म्हणाला. "हा शेला तू मला दाखवायला रंगवलास. उद्या माझ्याकडे राहिलास, की मला दाखवायचं काही उरणार नाही. मग माझ्या वाट्याला यातलं कोणतं कापड येईल?"

रंगाऱ्याने शेल्याची घडी घातली आणि नदीची वाट धरली. ती जागा दुसऱ्याला मिळाली.

परत येऊन त्याने काकींना सगळं सांगितलं. काकी कापड झटकत म्हणाल्या, "चुना आणायला जायचास आणि हात हलवत यायचास. मला काय कळत नव्हतं?"

"मग रागावला का नाहीत?"

"जावंसं वाटलं, त्यात कसला राग? शंभर रंग तुझ्या वयात मलाही हवे होते. पण गावातल्या बायका विचारतात, काकी, तुमचा निळा का हो उतरला? त्यांना मी काय सांगू?"

त्या हिवाळ्यात रंगारी दारोदार फिरला. फिकी कापडं परत मागून आणली आणि राहिलेल्या बुड्या एकेक करून पुऱ्या केल्या. दोन वर्षांनी नगरात पुन्हा जागा निघाली. या वेळी बाजारातली कापडं पाहून मुख्य रंगाऱ्याचा निरोप काकींच्या दारी उघडपणे आला, आणि त्याला पोचवायला काकी स्वतः नदीपर्यंत गेल्या. त्या दिवसापासून त्याचे हात शंभर रंगांत बुडू लागले.

नवं काम जरूर शोधावं, पण हातातल्या कामाचा वाटा चोरून नव्हे.