क्षारपट्टणचे दूतघर

फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीतल्या शैलपूर नावाच्या इवल्याशा राज्यावर भद्रसाल राजाचा अंमल होता. तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या अमात्यकुळात जन्मले आणि पुढे राजाचे अमात्य झाले.

राज्य एवढंसं, पण परमुलखांत त्याची दूतघरं होती. एके वर्षी राजाने त्या सगळ्यांची झाडाझडती घ्यायचं मनावर घेतलं. राजा वाईट नव्हता हो, पण त्याला एकच प्रश्न सुचे, ‘तिकडून आपल्याला काय मिळतं?’ मग ठरलं की हेमावतीच्या मोठ्या दरबारी नवं दूतघर थाटायचं आणि समुद्राकाठच्या क्षारपट्टणातलं मोडायचं. तिथला म्हातारा दूत सोमदत्त ना खबर पाठवी, ना नजराणा.

“कुलूप लावा आणि त्याला घेऊन या,” राजा म्हणाला. बोधिसत्त्व घाट उतरून निघाले.

दूतघर म्हटलं की आपल्याला वाटतं, बैठकीवर लोड-तक्के असतील, दारी भालदार असतील. इथे कसलं काय! अंगणात दोरीवर दुपटी वाळत होती आणि आतून डिंक तळल्याचा वास येत होता. सोमदत्त ओशाळून पुढे आला. “राजकार्य काही झालं नाही माझ्या हातून, अमात्य. लाज वाटते.”

“लाज कसली त्यात?” त्याची बायको यशोमती आतूनच कडाडली. “अहो अमात्य, आपल्या शैलपुरच्या लेकी इथे मिठागरवाल्यांच्या घरी दिल्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण भरल्या दिवसांत तो घाट चढायचा कसा? एक हट्टाने निघाली, ती घाटातच गेली बिचारी. तेव्हापासून मीच म्हटलं, या गं पोरींनो, हेच तुमचं माहेर.”

बोधिसत्त्वांनी जड मनाने राजाज्ञा सांगितली. यशोमतीने चूल विझवली.

थोड्या वेळाने परसदारी त्यांना एक गर्भारशी गाठोडं बांधताना दिसली. इंदुवती तिचं नाव. आज-उद्या बाळंत होईल अशी तिची अवस्था होती.

“कुठे निघालीस, बाळ?”

“घाटाकडे, गावी मामाकडे. इथे कुलूप लागणार ना.” तिने डोळे पुसले. “काका, माहेर बंद करता येतं का हो?”

बोधिसत्त्वांना गलबलून आलं. आज्ञा मोडली तर पद जाईल, कदाचित देशही सोडावा लागेल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी खाली बसून आपल्या हातांनी ते गाठोडं सोडलं. “यशोमती, चूल पेटव,” ते म्हणाले. “मी पाणी भरतो.”

बाळंतपण अवघड गेलं. पोरीचा जीव टांगणीला लागला होता आणि शैलपुरचे अमात्य दाराबाहेर लाकडं सारत, पाणी तापवत बसले होते. अखेर यशोमतीने तिला सुखरूप सोडवलं. मुलगी झाली.

अमात्य रिकाम्या हातांनी परतले तेव्हा राजा भडकला. “कुलूप लावायला पाठवलं, आणि तुम्ही बाळंतिणीचं पाणी तापवत बसलात? त्या घराचा मला उपयोग काय?”

“काही नाही, महाराज. ही माझी मुद्रा परत घ्या. पण एक ऐका. सीमेपलीकडे दिलेल्या मुलीचं कन्यादान आपल्याकडे राजा करतो. कळा येत होत्या तेव्हा इंदुवती ‘बाबा, बाबा’ म्हणून हाका मारत होती. मला वाटलं, गावाकडच्या बापाला हाक मारते आहे. यशोमती म्हणाली, ‘पोरकी आहे ती. बाबा म्हणजे महाराज.’”

राजाने मुद्रा हातात घेतली. अशी कन्यादानं त्याने कितीतरी केली होती. अक्षता पडल्या की तो उठून दुसऱ्या कामाला लागे.

मग त्याने विचारलं, “नातीचं नाव काय ठेवलं?”

“अजून नाही ठेवलं, महाराज. बारशाला माहेरचं माणूस लागतं.”

राजाने मुद्रा अमात्यांच्या हाती परत ठेवली, आणि पाळणा बरोबर घेऊन तो स्वतः घाट उतरला.

पुढे दूतघरांची झाडाझडती पुन्हा झाली. या खेपेला राजाने विचारलं, ‘तिकडे आपलं कोण आहे?’ जिथे जिथे शैलपुरची लेक नांदत होती तिथे तिथे दूतघर उभं राहिलं आणि दरबारी दालनाच्या आधी बाळंतिणीची खोली बांधली गेली. हेमावतीत आपली एकही लेक नव्हती. तिथलं काम सावकाश झालं.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली. नदीपलीकडच्या गावात भिक्षा मिळत नाही, मग तिथे भिक्षू ठेवायचा कशाला, असं एक भिक्षू म्हणाला होता. शास्ते त्याला म्हणाले, “तेव्हाचा राजा तूच होतास. सोमदत्त आणि यशोमती म्हणजे त्या गावातलं एकमेव वृद्ध उपासक जोडपं. इंदुवती ही त्यांची आजारी सून. आणि अमात्य मीच होतो.”

भिक्षूने मान खाली घातली, पात्र उचललं आणि तो नदीकडे चालू लागला. आपल्या माणसाला दूर देशीही एकटं न सोडणारी ही मैत्री, हीच त्या जन्मी बोधिसत्त्वांनी साधलेली पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला सद्गुण होय.