एका जागेची चिठ्ठी

"ज्यांना स्वतःला एक ओळ धड लिहिता येत नाही, ते आज खुर्च्या वाटत बसलेत. आणि शिकलेल्यांनी त्यांच्या दारात उभं राहायचं. हा न्याय आहे का, बुवा?"

मठाच्या ओसरीवर कृष्णानंदबुवा शेवग्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण वाटतं खुर्च्या?"

"सगळेच."

बोलणारा हृषीकेश वाघमोडे, इंजिनिअर, दीड वर्ष बेकार. माझ्यासाठी कुठे तरी शब्द टाका, असा संदेश त्यानं एकशे चाळीस अनोळखी लोकांना पाठवला होता. मजकूर एकच, वरचं नाव तेवढं बदलायचं. दोघांच्या बाबतीत तेही बदलायचं राहून गेलं होतं.

"आपल्या कार्यानं मी फार प्रेरित झालो आहे," तो म्हणाला.

"कोणत्या?"

हृषीकेशनं खिशातला फोन चाचपला.

"राहू दे. काम सांग."

"पंपाच्या कारखान्याचे मालक दर गुरुवारी आपल्या पाया पडायला येतात. तिथे डिझाइन खात्यात एक जागा आहे. आपण चिठ्ठी दिलीत तर..."

"वशिला हवाय."

"नाही. माझ्याकडे गुणवत्ता आहे. याला रेफरल म्हणतात."

"इंग्रजीत सांगितलं की अंगाला लागत नाही, होय?"

हृषीकेशचा चेहरा लाल झाला. "माझ्याहून कमी मार्कांचा मुलगा मामाच्या ओळखीनं आत गेला. त्याला कुणी हसलं नाही."

बुवांनी हात पुसले. एक कोरा कागद घेतला, तळाशी सही केली आणि त्याच्यापुढे सरकवला. मग पायरीवर बसलेल्या मुलीला हाक मारली.

"ही शमीम अत्तार. सकाळपासून बसली आहे, त्याच जागेसाठी. मला पंपातलं काही कळत नाही. तुला कळतं. तिची फाइल बघ आणि चिठ्ठीवर नाव घाल. तिचं घाल, नाही तर तुझं घाल. मी विचारणार नाही."

"हा कसला प्रकार? मीच माझ्याविरुद्ध?"

"आत्ता खुर्ची तुझ्याकडे आहे. वाट."

शमीमनं फाइल पुढे केली.

त्यानं भराभर पानं उलटली. मग सावकाश. मग एक पान मागे गेला. एका गळक्या पंपाचं रेखाटन होतं, हातानं काढलेलं. पहिल्या आराखड्यात आपण कुठे चुकलो, ते तिनं स्वतःच लाल पेन्सिलीनं दाखवलं होतं.

"ही गळती कशी सापडली तुम्हाला?"

"विहिरीवर बसून. तीन दिवस."

"कॉलेजनं पाठवलं होतं?"

"नाही. पंप शेजाऱ्यांचा होता."

हृषीकेशनं फाइल मिटली. पेन उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं...

शेवटी इतक्या जोरात लिहिलं की कागद जवळजवळ फाटला. शमीम अत्तार.

"राग गेला?" बुवांनी विचारलं.

"नाही. वाढला."

"बरं झालं. आता तो कामाचा आहे."

शमीमनं चिठ्ठी वाचली, घडी घातली. जायला उठली आणि पायरीशी थांबली.

"सोळा कारखान्यांत दिली ही फाइल मी, दादा. उघडली तुम्हीच."